अंगठा तुझा, बोटं माझी

दिगंबर,

काल तुझी तेरवी झाली. कढी पातळ झाली होती. तू असतास तर दोन वाट्या पिऊन मग नाव ठेवलं असतंस. कॉलनीतली झाडून सगळी माणसं आली होती. काटोलहून तुझे भाऊ आले, ते संत्र्यांची पेटी घेऊन. तेरवीला कोणी संत्री आणतं का? पण तुमच्या घरचा रिवाजच तो, कुठेही निघायचं तर बगीचा बरोबर घेऊन निघायचं.

मी रडलो नाही. तुझ्या मेहुण्याला त्याची फार काळजी लागली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "भाऊ, मन मोकळं करून घ्या." मी म्हटलं, मोकळंच आहे. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस मी. समोरच्याच्या डोळ्यात पाणी दिसलं की आधी पापणीचा केस शोधतो.

तुझ्या पॉवर हाऊसमधल्या देवगडे साहेबांनी कॉलनीच्या फळ्यावर लावायला माझ्याकडून चार ओळी मागून घेतल्या होत्या. मी दिल्या. काटोलचा जन्म, नागपूरला कॉलेज, कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी, मनमिळाऊ स्वभाव, गिटारची आवड. काल फळ्यावर वाचून पाहिलं तर तो माणूस कोणीही असू शकत होता. म्हणून आज दुकान बंद ठेवून मागच्या खोलीत बसलो आहे आणि सरळ तुलाच लिहितो आहे. शिवाय काल वहिनींनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यापासून आपला जुना वाद माझ्या डोक्यात पुन्हा उभा राहिला आहे. ते संगीत एकट्याने वाजवायचं की दोघांनी, हा वाद. तो मिटायच्या आधीच तू उठून गेलास. हे तुझं नेहमीचंच. चहा संपला की बसची वेळ झाली म्हणायचं आणि उठायचं.

वाद त्या रेकॉर्डमुळे लागला, म्हणून तिथूनच धरतो. आपलं कॉलेज नुकतंच संपलं होतं. नागपुरात सदर भागातलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं होतं आणि त्यांनी घरातलं सामान अंगणात मांडून विकायला काढलं होतं. मी आईसाठी शिवणयंत्र बघायला गेलो होतो. तू उगाच आला होतास. शिवणयंत्र आधीच कोणीतरी उचललं होतं. तू एक गिटार उचललीस, आणि तिच्या पेटीत खाली एक रेकॉर्ड निघाली. कव्हर नाही, फोटो नाही, मधल्या कागदावर चहाचा डाग पडून अक्षरं पुसलेली. ती कोणाची, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. घरमालकीणबाई म्हणाल्या, राहू द्या, पेटीबरोबर न्या.

माझ्या घरी ती लावली. एक माणूस गात होता, घशात बिडीचा धूर अडकल्यासारखा. एक शब्द कळेल तर शपथ. त्या संगीताला ब्लूज म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या कष्टकरी माणसांचं ते गाणं, हे आपल्याला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं ऐकू आलं की माणूस दुःखात आहे, पण कोणाकडे तक्रार घेऊन आलेला नाही. आणि गिटार! खाली जाड तारेवर एकसारखा ठोका, धब धब धब धब, आणि वर बारीक तारांवर कोणीतरी मनाला येईल तशा गप्पा मारतंय. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "काटोलची बस होय बे हे. खाली इंजिन चालून राहिलं अन् वर पाशिंजर बोलून राहिले."

त्या गाण्याचं नाव तेव्हापासून काटोलची बस. खरं नाव मला आजही माहीत नाही आणि शोधावंसंही वाटलं नाही.

महाल भागात तेव्हा एक गिटारचे सर होते. नागपुरात गिटार म्हणजे मांडीवर आडवी घ्यायची, लोखंडी दांडी तारांवरून फिरवायची आणि सिनेमाची गाणी वाजवायची. आपण रेकॉर्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोनदा ऐकली, बाहेर जाऊन पान थुंकून आले आणि निकाल दिला. "तीन जण आहेत. एक गाऊन राहिला, एक ठेका धरून राहिला, एक सुरावट वाजवून राहिला." झालं. शंका घ्यावी असं आपल्याला वाटलंच नाही. गाणाऱ्याच्या मागे तबल्यावाला वेगळा आणि पेटीवाला वेगळा, हे लहानपणापासून बघत आलेली माणसं आपण. गणपतीत, भजनात, लग्नात, सगळीकडे तेच. ठेका धरणारा म्हणजे दुसरा माणूस, हे सांगावं लागतं का?

मग वाटणी झाली. माझी बोटं लांब आणि सवय बारीक स्क्रू पिळायची, म्हणून बारीक तारा माझ्याकडे. तुझा अंगठा बगीच्यात फावडं धरून धरून दणकट झालेला, म्हणून ठेका तुझ्याकडे. मी दुसरी गिटार घेतली. गाणाऱ्याची जागा आपण रिकामी सोडली, कारण दोघांचाही गळा लोकांसमोर काढण्यासारखा नव्हता.

शिकवायला कोणी नाही, दाखवायला कोणी नाही. रेकॉर्ड हाच मास्तर. तू सुई उचलायचास, मागे ठेवायचास, उचलायचास, मागे ठेवायचास. मग तुला युक्ती सुचली की मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड सोळाच्या वेगावर लावायची. सगळं अर्ध्या वेगाने, गाणाऱ्याची म्हैस व्हायची, पण एकेक सूर सुटा सुटा ऐकू यायचा. आई आतून ओरडायची, "काय रडून राहिलं रे ते जनावर?" तरी आपल्या तारा रेकॉर्डशी जुळेनात. एक दिवस तू चिडून सगळ्या खुंट्या पिरगाळल्यास आणि तारा अशा लावल्यास की डावा हात न लावता नुसती छेडली तरी अख्खी गिटार एका सुरात बोलावी. लगेच गाणं हाताखाली आलं. त्यानंतर कितीतरी वेळ आपण काही वाजवलं नाही, एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. त्या दुपारबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तेव्हा तशी पद्धत नव्हती आपल्यात.

पुढे कोराडीला पॉवर हाऊस आलं, तुला तिथे नोकरी लागली, लग्न झालं, कॉलनीत क्वार्टर भेटलं. मला वाटलं, संपलं आता. पण तुझी सुट्टी ज्या दिवशी असेल त्या दिवशी दुपारी तू हजर. गिटार मांडीवर उभी धरून बसने यायचास, वाटेत कंडक्टरशी तिच्या तिकिटावरून हुज्जत घालायचास आणि सीताबर्डीला उतरून दुकानात आलास की ती हुज्जत मला पुन्हा सांगायचास. तुझ्या क्वार्टरमागे मोठा ट्रान्सफॉर्मर चोवीस तास घुमायचा. वहिनींना नव्या नवलाईत त्या आवाजाने झोप लागायची नाही. मग माहेरी गेल्या की तो आवाज नाही म्हणून झोप लागायची नाही. तू त्या घुमण्यावर आपली जाड तार लावायचास आणि ती तशीच नागपूरपर्यंत घेऊन यायचास. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तार छेडून म्हणायचास, "घे, कोराडीचा सूर आणला." मी माझी गिटार त्यावर लावायचो. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागले की ट्रान्सफॉर्मरचा सूर थोडा उतरायचा, आणि इकडे आपली रेकॉर्डही तेवढीच हळू फिरायची. तू त्याचं कारण मला समजावून सांगायचास. मला एवढंच कळलं की वीज ढिली पडली की दोघंही सारखेच ढिले पडतात. त्यामुळे कोराडीची तार आणि नागपूरची रेकॉर्ड यांचं कधी बिनसलं नाही.

येताना तू बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानातून सगळ्यात बारीक तार विकत घेऊन यायचास. सारखी. मी एकदा विचारलं, "तू ती तार वाजवत नाहीस, तर ती तुटते कशी?"

"तुटत नाही गा, गंजते. राख उडते ना तिकडे."

मला पटलं. कोराडीच्या कोळशाची राख मी पाहिली होती. दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, खिडकीच्या गजांवर बसायची, मग गिटारच्या तारेने काय घोडं मारलं होतं? मी पुन्हा विचारलं नाही.

आणि मग दुकानात तो गोरा परदेशी आला. ही गोष्ट मी तुला इतक्या वेळा सांगितली की तू मधेच माझ्याआधी वाक्यं पूर्ण करायचास. आज करणार नाहीस, म्हणून सुखाने सांगतो. तू ड्यूटीवर होतास. दाढी वाढलेला, खांद्यावर गिटार, चष्म्याची एक काच फुटलेली. संध्याकाळच्या मद्रासच्या गाडीने जायचं होतं त्याला. मी म्हटलं, बस, करून देतो. मागच्या खोलीत येऊन काच घासायला बसलो, तर बाहेरून काटोलची बस सुरू झाली. तेच गाणं नव्हे, पण त्याच घरातलं. खाली धब धब, वर गप्पा. मला वाटलं, तू आलास. ड्यूटी बदलून आलास, गोऱ्याच्या शेजारी बसलास आणि ठेका धरलास. मला इतका आनंद झाला की आतूनच ओरडलो, "दिगंबर, थांब, मी पण येतो!" माझी गिटार घेऊन बाहेर आलो तर तू नव्हतास. खुर्चीवर तो एकटा. अंगठा खाली ठोके देतोय, दोन बोटं वर बोलतायत आणि तोंडाने गातोय. तीन माणसं एका खुर्चीत.

काच तशीच राहिली. मी त्याला विचारलं तेवढं त्याने दाखवलं. म्हणाला, आधी फक्त अंगठा. कित्येक महिने फक्त अंगठा. तो आपोआप चालायला लागला, तू विसरलास तरी चालत राहिला, की मग बोटं लावायची. तोवर नाही. जाताना त्याने माझी बोटं पाहिली, शाबासकी दिली आणि म्हणाला, पण तुझा अंगठा कुठे आहे? मी म्हटलं, कोराडीला. तो हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

पुढच्या सुट्टीला तू आलास तेव्हा मी सगळं सांगितलं.

"एकटाच?" तू विचारलंस.

"एकटा."

"गाऊन बी तोच राहिला?"

"तोच."

तू चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलास. मग म्हणालास, "बिचारा. कोणी जोडीदार नसन भेटला त्याले."

मी हसलो, आणि मग माझं डोकंच फिरलं, कारण तू थट्टा करत नव्हतास. मी म्हटलं, अरे, आपण इतकी वर्षं चुकीचं शिकलो. हे एका माणसाचं वाजवणं आहे. आपण त्याचे दोन तुकडे करून बसलो. चष्म्याची एक काच एका दुकानात आणि दुसरी दुसऱ्या दुकानात बनवतं का कोणी? तू म्हणालास, "पण दिसून तर राहिलं ना?" तुझ्याशी वाद घालणं म्हणजे डोकं भिंतीवर आपटून घेणं.

मी स्वतः शिकायला बसलो. अंगठा काही ऐकेना. बोट वर गेलं की अंगठाही मागे जायचा, आईचा पदर धरून चालणाऱ्या पोरासारखा. बोटं गप्प ठेवली तर ठेका नीट, बोटं बोलायला लागली की ठेका गायब. एक हिवाळा घालवला आणि सोडून दिलं. मग तुझ्यामागे लागलो. तुझा अंगठा तयार आहे, गोरा म्हणाला तसा, झोपेतही चालेल असा. तुला फक्त बोटं लावायची आहेत. निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे, तू शिक. तू माझ्यासमोर करून बघितलंस. बोट लावलंस की अंगठा थांबायचा. अंगठा लावलास की बोट थांबायचं. मी तुझं बोट धरून तारेवर ठेवून दाखवलं. तू मान डोलावलीस, पुन्हा चुकलास. "नाही जमत गा मले. माया बोटायले अक्कल नाही." मी तुला अंगठेबहाद्दर म्हणायला लागलो. तुला ते आवडलं, गिटारच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहून घ्यायच्या गोष्टी करायला लागलास.

एका दुपारी मात्र जरा जास्तच झालं. मी म्हटलं, तू मुद्दाम शिकत नाहीस, तू आळशी आहेस. तू गिटार बाजूला ठेवलीस.

"समज, जमलं मले. मंग?"

"मग काय? पुरं येईल तुला."

"पुरं येईन. अन् मंग मी इथं कायले येऊ?"

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? चहा प्यायला ये. तू म्हणालास, "चहा कोराडीले बी भेटते." मग तू गिटार उचललीस आणि आपण वाजवलं. त्या दिवशी बस फार लवकर काटोलला पोचली. मी म्हटलं, शेवटी पळतोस तू. तू म्हणालास, उतार लागला की बस पळणारच. हा दुसरा वाद, तो राहू दे.

कॉलनीच्या गणपतीत आपल्याला वाजवायला बोलावलं, ते आठवतं का? ओळख करून द्यायला नागपूरहून एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, हे कापूस वेचणाऱ्यांचं संगीत, आणि आपला विदर्भ कापसाचा, म्हणून या कलाकारांच्या बोटांत ही वेदना आली आहे. तू माइक तोंडाजवळ ओढून म्हणालास, "सर, आमचा संत्र्याचा बगीचा आहे." अख्खा मांडव हसला. वाजवून झाल्यावर देवगडे साहेब स्टेजवर आले. "दिगंबरराव, तुमी तर एकच तार वाजवून राहिले! बाकीच्या पाच काहून बांधल्या? कपडे वाळत घालाले?" पुन्हा मांडव हसला, आणि सगळ्यात जास्त तू हसलास. वहिनी बायकांच्या रांगेत पुढे बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, चारचौघांत नवऱ्याची थट्टा झाली म्हणून.

तू गेलास त्या दिवसाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ड्यूटीवरून आलास, चहा मागितलास आणि तो यायच्या आत गेलास. मला शेजारच्या दुकानात फोन आला. माझ्या हातात एका म्हाताऱ्या बाईंची फ्रेम होती. मी ती त्यांच्या कानावर नीट बसवून दिली आणि मग कोराडीची बस धरली. हे नंतर कोणाला तरी सांगितलं तर त्याला बरं वाटलं नाही. पण बाईंना दिसत नव्हतं, दिगंबर, आणि तू तर गेलाच होतास.

आता कालचं. जेवणं झाली, माणसं सतरंजीवर बसली. देवगडे साहेब म्हणाले, तुमचं ते गाणं वाजवा, दिगंबररावांना बरं वाटेल. वहिनींनीही गिटार घेऊन या म्हणून निरोप दिला होता, मी आणली होती. पण मला सुचेना काय करावं. मी आत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

"वहिनी, माझ्याकडे अर्धंच आहे हो. बाकीचं अर्धं दिगंबरकडे होतं."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अर्धं कोणतं, भाऊजी?"

"खालचं. अंगठ्याचं. ते तो वाजवायचा, वरचं मी. मला दोन्ही एकदम येत नाही."

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "मले तर वाटलं तुमीच शिकवलं त्यायले. घरी तर सबन वाजवत. खालचं बी अन् वरचं बी. मी पोळ्या करो अन् हे दारात बसून वाजवत. रोजचंच होतं."

मी विचारलं, कधीपासून.

"तो गोरा तुमच्या दुकानात आल्ता ना, त्याच्या मागून. लवकरच आलं त्यायले."

"चांगलं वाजवायचा?"

त्यांनी जरा विचार केला. "चांगलंच वाजवत. पण संपलं का म्हणत, एकट्यानं मजा नाही येऊन राहिली. मी म्हणो, भाऊजीयले दाखवा ना एकदा. तर म्हणत, वरचं त्याचं आहे, त्याचं त्याले राहू दे."

तुझी गिटार भिंतीला टांगलेली होती. मी खाली काढली आणि सवयीने डोळ्याजवळ धरली. बारीक तारांच्या खाली लाकूड झिजून खळगे पडले होते. ते एका दिवसाचे नव्हते. पहिली, सगळ्यात बारीक तार नवी होती, लखलखीत. राखेने गंजत नव्हती ती, वाजवून वाजवून तुटत होती. सगळ्या गावाच्या डोळ्यांना चष्मे लावणारा मी, आणि मला ती झीज कधी दिसली नाही, कारण तुझ्या गिटारकडे मी नीट बघितलंच नव्हतं. तुझ्याकडे ठेका आहे म्हटल्यावर बघायचं काय?

मला राग आला तुझा. खरा राग. इतकी वर्षं माझ्यासमोर अडखळत बसलास! मी बोट धरून दाखवलं, ते दाखवू दिलंस. अंगठेबहाद्दर म्हटलं, ते म्हणू दिलंस. देवगड्यांनी भर मांडवात कपडे वाळत घालायला सांगितलं, तेव्हा त्यांचं तोंड बंद करायला तुला दोन मिनिटं लागली असती. तू हसत बसलास. आणि वहिनींना सगळं माहीत होतं, म्हणून त्या हसल्या नाहीत. अरे, मला एकदा तरी ऐकवायचं होतंस! मी काय तुझी वाटणी हिसकावून घेतली असती? येऊ नको म्हटलं असतं तुला?

मग राग गेला आणि मला फार वाईट वाटलं. तू गेल्याचं वाईट मला काल वाटलं, त्या दारात, तुझी गिटार हातात धरून. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून मी बोटाने पापणीचा केस शोधला. नव्हता.

बाहेर येऊन मी माझी गिटार मागच्या ट्रान्सफॉर्मरच्या सुरावर लावली आणि माझं अर्धं वाजवलं. जिथे तुझा ठोका यायचा तिथे जागा सोडली. मागे तो ट्रान्सफॉर्मर घुमत होता. कोणी म्हणेल, तोच तुझा अंगठा. मी म्हणणार नाही. ट्रान्सफॉर्मर तो ट्रान्सफॉर्मर, त्याला ठेका नाही. पाशिंजर बोलत होते आणि बस जागेवर उभी होती, असं वाजलं ते. संपल्यावर देवगडे साहेब हळूच म्हणाले, "आज ती एक तार नव्हती ना." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.

निघताना वहिनींनी तुझी गिटार माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "अंगठा शिकून घ्या, भाऊजी. हे म्हणत, तो सोपा आहे." मी हो म्हटलं. बसमध्ये तिला मांडीवर उभी धरली. कंडक्टरने तिकिटाचं विचारलं नाही. त्याने तिला ओळखलं होतं.

आता ती माझ्या गिटारशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. सकाळी मी तिच्या जाड तारेवर अंगठा ठेवून पाहिला. तार अजून कोराडीच्या सुरात आहे, थोडी उतरली असेल. ठोका दिला नाही. अंगठा ठेवला तसा उचलला.

शेवटी पळतोस, हे माझं म्हणणं कायम आहे. पण वहिनींशी मी खोटं बोललो. अंगठा मी शिकणार नाही. मलाही सोपा जाईल एखाद्या वेळेस, नेट धरून बसलो तर येईलही. पुरं येईल. अन् मंग मी तुले कायले बोलावू, सांग ना गा?